शेजारच्याच्या व्हेपची वाफ आणि आपली बंद खोली

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांमध्ये हा वाद हल्ली वरचेवर झडतो. लिफ्टचं दार उघडतं, आत आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा गोडसर वास कोंडलेला असतो, कोणीतरी हटकतं, आणि ज्याच्या मुठीत ती पेनाएवढी कांडी, म्हणजे व्हेप किंवा ई-सिगरेट, असते तो म्हणतो, "काका, धूर नाहीये, नुसती वाफ आहे. कोणाला काही होत नाही." काकांचं उत्तरही ठरलेलं असतं, "सिगरेटपेक्षा वाईट असते ती." पुढे बाराव्या मजल्यापर्यंत दोघंही गप्प.

मला काय म्हणायचंय ते आधीच सांगून टाकतो. शेजारी बसलेल्याला ही वाफ सिगरेटच्या धुरापेक्षा बरीच कमी बाधते, हे खरं आहे. पण कमी बाधते म्हणजे बाधत नाही असं नव्हे. किती बाधेल हे खोली किती घनमीटरची आहे, तिच्यात बाहेरची हवा येते का आणि त्या खोलीत आणखी कोण श्वास घेतंय यावर ठरतं. बंद एसी खोलीत लहान मूल, गरोदर बाई किंवा दम्याचा रुग्ण असेल तर तिथे व्हेप ओढू नये, यात मला काडीची शंका नाही.

आधी "वाफ" या शब्दाचं बघू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. सर्दी झाली की आपण ओवा किंवा निलगिरी टाकून वाफारा घेतो. त्यामुळे वाफ म्हटलं की निरुपद्रवी, उलट औषधीच काहीतरी वाटतं. व्हेपमधून निघतं ते पाणी उकळून झालेली वाफ नसते. ते अतिसूक्ष्म थेंबांचे तुषार असतात. लिक्विडमध्ये प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन हे दोन मुख्य द्रव, त्यात विरघळलेलं निकोटिन आणि स्वादासाठी घातलेली रसायनं. कांडीच्या आत तारेचं एक बारीक वेटोळं किंवा जाळी असते, ती कॉइल. तिला लागून कापसाची वात. वात लिक्विड शोषते, झुरका घेतला की बॅटरी कॉइल तापवते, लिक्विड उडतं आणि थंड हवेत आल्याबरोबर त्याचे पुन्हा थेंब होतात. हे थेंब साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणाऱ्या आकाराचे.

नाटकात किंवा लग्नाच्या स्टेजवर धुकं सोडणारी यंत्रं असतात, त्यांपैकी बरीच याच ग्लायकॉलवर चालतात. गडकरी रंगायतनला किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहाला जाणाऱ्या माणसाला ते दोन-चार मिनिटं दिसतं आणि विषय संपतो. पण रोज त्या धुक्यात काम करणाऱ्यांचा कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात अभ्यास झाला, २००५ साली तो छापून आला. जास्त काळ धुक्यात राहिलेल्यांमध्ये छाती आवळल्यासारखी वाटणं आणि घरघर यांच्या तक्रारी जास्त होत्या, आणि यंत्राच्या अगदी जवळ काम करणाऱ्यांची फुप्फुसाची क्षमता कमी भरली. त्या धुक्यात निकोटिन नव्हतं. म्हणून "माझं झिरो निकोटिनवालं आहे" एवढ्याने सगळं निर्धोक ठरत नाही.

आता सिगरेटशी तुलना. सिगरेट दोन झुरक्यांच्या मध्येही जळत राहते. शेजारच्याच्या नाकात जाणारा धूर बहुतांशी, सुमारे ८५ टक्के, या जळत्या टोकातून थेट निघालेला असतो. व्हेपमध्ये हा भागच नाही, बटण किंवा झुरका थांबला की निर्मिती थांबते. शिवाय काही जळत नसल्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यांचा प्रश्न जवळपास मिटतो. शेजाऱ्याकडे येतं ते फक्त ओढणाऱ्याच्या छातीतून परत आलेलं. आणि झुरका नीट आत घेतला तर निकोटिनचा ९० टक्क्यांहून जास्त भाग ओढणाऱ्याच्याच अंगात मुरतो. तोंडातल्या तोंडात धरून ढग सोडणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांचा बाहेर येणारा वाटा मोठा असतो.

हिशेबच मांडून बघू. आपल्याकडची बेडरूम बहुधा १० फूट बाय १२ फूट, उंची साडेनऊ. म्हणजे ११४० घनफूट, मीटरमध्ये सुमारे ३२ घनमीटर. एका माणसाने तासाभरात छोट्या पॉडचे, म्हणजे लिक्विडची कुपी बसवलेल्या लहान व्हेपचे, २० झुरके घेतले, एका झुरक्याला ४ मिलिग्रॅम लिक्विड उडालं असं धरू. एकूण ८० मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम ०.०७ मिलिलिटर. लिक्विडमध्ये मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम निकोटिन असेल तर उडालेलं निकोटिन साधारण ३.४ मिलिग्रॅम. त्यातलं ६ टक्के बाहेर आलं तर सुमारे २०० मायक्रोग्रॅम. ३२ घनमीटरमध्ये ते पसरलं की घनमीटरला ६ मायक्रोग्रॅम. बसलेला मोठा माणूस तासाला साधारण अर्धा घनमीटर हवा आत घेतो, म्हणजे शेजाऱ्याला ३ मायक्रोग्रॅम. ओढणाऱ्याला मिळालं त्याच्या हजाराव्या हिश्श्याएवढं.

हा कागदावरचा हिशेब प्रत्यक्ष मोजणीच्या जवळ जातो. २०१४ साली छापलेल्या एका प्रयोगात बंद खोलीत व्हेपनंतर हवेत निकोटिन घनमीटरला सरासरी ३.३२ मायक्रोग्रॅम भरलं, आणि त्याच पद्धतीने सिगरेट ओढल्यावर ३१.६०. जवळपास दहापट फरक. त्याच वर्षी बार्सिलोनाच्या संशोधकांनी घरांमध्ये मोजलं, तेव्हा सिगरेटवाल्या घरांत ०.७४, व्हेपवाल्या घरांत ०.१३ आणि दोन्ही नसलेल्या घरांत ०.०२ मायक्रोग्रॅम.

निकोटिन एवढंच बघून थांबलं तर चित्र अर्धंच राहतं. त्याच ८० मिलिग्रॅम लिक्विडपैकी ग्लायकॉल-ग्लिसरीनचा दहावा भाग जरी परत हवेत आला तरी ८ मिलिग्रॅम झाले. ३२ घनमीटरमध्ये घनमीटरला २५० मायक्रोग्रॅम. म्युनिकमध्ये २०१४ साली खरोखर माणसं बसवून मोजलं तेव्हा पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, घनमीटरला सरासरी १९७ मायक्रोग्रॅम आलं होतं, म्हणजे आपला अंदाज फार लांब नाही. आपल्या देशाच्या मानकानुसार २४ तासांची सरासरी ६०च्या आत हवी, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सांगितली. हे थेंब डिझेलच्या काजळीइतके विषारी नाहीत, तेव्हा आकडे एकास एक लावू नयेत. पण "हवेत काही राहतच नाही" हे म्हणणं या आकड्यांपुढे टिकत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०१८ मध्ये सगळे अभ्यास चाळून जो अहवाल दिला, त्यात घरातल्या हवेतले कण आणि निकोटिन व्हेपमुळे वाढतात याचा पुरावा निर्णायक आहे असं स्पष्ट म्हटलं आहे. सिगरेटपेक्षा हे प्रमाण कमी असतं, याला त्यांनी मध्यम दर्जाचा पुरावा म्हटलं.

वाद घालणारे दोघं एकाच अभ्यासातून आपापल्या सोयीचा आकडा कसा उचलतात, त्याचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेतल्या ३ ते ११ वर्षांच्या मुलांच्या रक्तातलं कोटिनिन, म्हणजे शरीरात निकोटिन गेल्याची खूण, मोजलेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सिगरेटच्या धुरात राहणाऱ्या मुलांमध्ये लिटरला ०.४९४ मायक्रोग्रॅम, फक्त व्हेपच्या वाफेत राहणाऱ्यांमध्ये ०.०८१, आणि दोन्हीपासून लांब असलेल्यांमध्ये ०.०१६. एक जण म्हणेल, बघा, ८४ टक्क्यांनी कमी. दुसरा म्हणेल, बघा, पाचपट जास्त. दोन्ही बरोबर. घरात आधी सिगरेट होती आणि बापाने ती पूर्ण सोडून व्हेप धरलं, तर मुलासाठी पहिला आकडा लागू. घरात कोणीच ओढत नव्हतं आणि आता कॉलेजातला मुलगा खोलीत पॉड ओढू लागला, तर धाकट्या बहिणीसाठी दुसरा आकडा लागू. ठाण्यातल्या सुशिक्षित घरांत दुसरा प्रकारच वाढताना दिसतो, म्हणून "सिगरेटपेक्षा बरं" हे वाक्य तिथे मुळात गैरलागू आहे. आणि जो माणूस दोन्ही ओढतो, बाहेर सिगरेट आणि घरात व्हेप, त्याच्या बाबतीत तर तुलनेला अर्थच उरत नाही.

त्रासाचं काय? दक्षिण कॅलिफोर्नियात शाळकरी वयापासून मागावर ठेवलेल्या तरुणांचा अभ्यास २०२२ मध्ये आला. ज्यांच्या घरात दुसरं कोणी व्हेप ओढत होतं त्यांच्यात खोकला-कफाच्या तक्रारी आणि धाप लागणं जास्त आढळलं. घरघरीशी मात्र संबंध दिसला नाही. फ्लोरिडात दमा असलेल्या ११ ते १७ वर्षांच्या मुलांची माहिती तपासली तेव्हा वाफेच्या सान्निध्यातल्या मुलांमध्ये दम्याचा झटका येऊन गेल्याची शक्यता सुमारे सव्वापट होती. हे निरीक्षणावरचे अभ्यास आहेत, यातून कारण सिद्ध होत नाही, एवढी सावधगिरी ठेवायला हवी. पण ग्लायकॉलने श्वासनलिका चुरचुरते हे वेगळ्या मार्गानेही माहीत आहे, तेव्हा दम्याच्या मुलाच्या आईने याकडे दुर्लक्ष करावं असं मी कधीच म्हणणार नाही.

एक उलट गोष्टही सांगायला हवी, कारण तिचा वापर घाबरवण्यासाठी होतो. २०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसं निकामी होऊन २८०७ जण रुग्णालयात दाखल झाले, ६८ मेले. ते सगळे स्वतः ओढणारे होते, आणि मुख्य संशय गांजाच्या तेलात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर होता. शेजारी बसलेल्यांना तसं झालं म्हणून फिरणारे फॉरवर्ड पुढे पाठवू नका.

फॉर्माल्डिहाइड या घातक वायूचा आकडाही असाच जपून वापरायचा. २०१५ मध्ये एका नामवंत अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात पत्र छापून आलं, की ५ व्होल्टवर चालवलेल्या यंत्रात फॉर्माल्डिहाइड देणारी संयुगं भरपूर सापडली. त्याच पत्रात ३.३ व्होल्टवर ती सापडली नव्हती, हे सांगायचं लोक विसरतात. कारण समजून घेण्यासारखं आहे. वात ओली असते तोवर कॉइलची उष्णता लिक्विड उडवण्यात खर्च होते आणि तापमान आटोक्यात राहतं. लिक्विड संपत आलं, किंवा लागोपाठ झुरके मारले, की वातीला शोषायला वेळ मिळत नाही. कॉइल कोरडी तापते, कापूस करपतो, ग्लिसरीन फुटतं आणि फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलिन तयार होतात. कढईत तेल जळलं की डोळ्यांना झोंबतं ते हेच ॲक्रोलिन. ओढणाऱ्याला लगेच करपट चव येते आणि तो ठसकून सगळं बाहेर सोडतो, म्हणजे नेमका सर्वांत वाईट झुरका छातीत न मुरता खोलीत येतो. जुनी, काळी पडलेली कॉइल, डाक दिलेले जोड आणि निकेल-क्रोमियमची तार यांतून धातूंचे अंशही सुटतात. गंमत म्हणून विकत घेतलेलं डिस्पोजेबल, म्हणजे संपलं की फेकायचं व्हेप, शेवटच्या थेंबापर्यंत ओढलं जातं, तेव्हा हेच होतं.

आपल्याकडे या सगळ्यावर आणखी एक पदर आहे. १८ सप्टेंबर २०१९ला वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण, जाहिरात, सगळ्यावर बंदी. तंबाखू न जाळता तापवणारी यंत्रं आणि ई-हुक्काही त्यातच. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसतं ओढण्याला या कायद्यात शिक्षा नाही, आणि लिफ्टमधला वाद याच फटीत अडकतो. २००३ च्या तंबाखू कायद्यात सार्वजनिक जागी धूम्रपानाला २०० रुपयांपर्यंत दंड आहे, पण त्यातली धूम्रपानाची व्याख्या तंबाखू ओढण्याची आहे. व्हेपच्या लिक्विडला ती लागू होते का, यावर कीस पाडता येतो.

शेजाऱ्याच्या दृष्टीने बंदीचा परिणाम असा, की बाटलीवर जे छापलंय त्याला कोणी जबाबदार नाही. युरोपात मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, टाकी २ मिलिलिटरची आणि बाटली १० मिलिलिटरची. तिकडे निदान मालावर अशी देखरेख असते. इथे चोरट्या मार्गाने आलेल्या डिस्पोजेबलमध्ये बहुधा ५० मिलिग्रॅम असं लिहिलेलं असतं, खरं किती आणि स्वादात काय घातलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तिकडचा निष्कर्ष उचलून नेरुळच्या फ्लॅटमध्ये जसाच्या तसा लावणं मला पटत नाही.

आता खोलीकडे वळतो, कारण करण्यासारखं जे काही आहे ते तिथेच आहे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. तो खोलीतलीच हवा फिरवून थंड करतो. खूप लोकांची समजूत असते की बाहेरचं युनिट हवा बाहेर टाकतं. ते फक्त उष्णता बाहेर टाकतं, मध्ये दोन तांब्याच्या नळ्या असतात, हवेची वाट नसते. विंडो एसीला बाहेरच्या हवेची छोटी झडप असते, पण तिची कळ बहुधा बंदच असते. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आणि दार लावलेल्या खोलीत हवा तासाला जेमतेम अर्धा वेळा बदलते असं धरा. मग तासाभराने साठ टक्के माल शिल्लक, तीन तासांनीही वीस-बावीस टक्के. थेंब काही सेकंदांत ते काही मिनिटांत सुकून दिसेनासे होतात, म्हणून डोळ्यांना वाटतं की गेलं. थेंबातला द्रव वायुरूपात हवेतच असतो, आणि निकोटिन पडद्यांवर, गादीवर, भिंतीच्या रंगावर बसतं. पावसाळ्यात हवेत ओल जास्त, ग्लायकॉल पाणी धरून ठेवतं, त्यामुळे थेंब सुकायलाही वेळ लागतो.

याउलट समोरासमोर दोन खिडक्या उघड्या असतील तर हवा तासाला सात-आठ वेळा सहज बदलते आणि दर पाच मिनिटांना प्रमाण निम्म्यावर येतं. वाशी-नेरुळच्या जुन्या सिडको घरांना हा आडवा वारा मिळतो, जोवर बाल्कनी काच लावून बंद केलेली नाही. एक्झॉस्ट फॅन लावलात आणि त्याच्या डब्यावर तासाला २५० घनमीटर लिहिलेलं असलं, तर ३२ घनमीटरच्या खोलीला कागदावर आठ वेळा हवा बदलते. पण आत यायला वाट नसेल तर बाहेर जाणार काय? दाराखाली बोटभर फट किंवा समोरची खिडकी चार बोटं उघडी हवीच, नाहीतर पंखा नुसता घरघरतो.

लिफ्ट आणि गाडी यांत लोकांचा राग आणि खरा धोका उलटे पडतात. आठ माणसांची लिफ्ट साडेतीन घनमीटरची. मोठ्या यंत्राचा एक ढग सोडला, २० मिलिग्रॅम लिक्विडचा दहावा भाग बाहेर आला, तर घनमीटरला साडेपाचशे-सहाशे मायक्रोग्रॅम. ऐकायला भयंकर. पण तुम्ही आत ४० सेकंद असता, म्हणजे छातीत जातात ३ मायक्रोग्रॅम. वरच्या बेडरूमच्या हिशेबात एका तासाला १२५ जातात. लिफ्टमध्ये ओढणं हा आगाऊपणा आहे, दम्याच्या माणसाला त्याने ठसका लागू शकतो, हटकायलाच हवं. पण रोज रात्री एसी लावून बंद केलेली खोली चाळीसपट जास्त देते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. गाडीचं तर विचारूच नका. आतली जागा ३ घनमीटर, घोडबंदरहून ऐरोलीला जाताना धूळ नको म्हणून हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबलेलं, आणि मागच्या सीटवर मूल. तेच २० झुरके तिथे निकोटिन ६ वरून ६५-७० मायक्रोग्रॅमवर नेतात. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसाच्या दुपटीहून जास्त हवा ओढतं, हे त्यात धरलेलंच नाही. गाडीत नाही म्हणजे नाही, काच खाली करूनही नाही, कारण सिग्नलला गाडी थांबली की मागची हवा हलत नाही.

टॉवरमधल्या डक्टची तक्रार वेगळीच. "आमच्या घरात कोणी ओढत नाही, तरी बाथरूममध्ये स्ट्रॉबेरीचा वास येतो." हा भास नसतो. खालच्या मजल्यावरचा माणूस घरच्यांपासून लपून बाथरूममध्ये ओढतो, त्याचा एक्झॉस्ट डक्टमध्ये हवा टाकतो, आणि तुमच्या बाथरूमची काचेच्या पट्ट्यांची खिडकी त्याच डक्टमध्ये उघडते. डक्टमध्ये गरम हवा वर चढते. त्यात तुम्ही घराच्या खिडक्या लावून स्वयंपाकघरातली चिमणी चालू केलीत, की घरातली हवा बाहेर खेचली जाते आणि तिची भरपाई डक्टमधून होते. शेजाऱ्याची वाफ तुम्हीच ओढून घेता. उपाय सोपा आहे. चिमणी चालू असताना हॉलची खिडकी थोडी उघडी ठेवा, बाथरूमचं दार लावून घ्या, आणि तुमच्या एक्झॉस्टला बाहेरच्या बाजूने आपोआप मिटणारी झडप बसवून घ्या. झडपेच्या पट्ट्या तेलकट धुळीने अर्ध्या उघड्या अडकतात, दोन-तीन महिन्यांनी पुसा. डक्टमधून येणारं प्रमाण मुळात थोडं असतं, तेव्हा त्यासाठी भांडण पोलिसांपर्यंत नेऊ नका.

एअर प्युरिफायरवर फार भिस्त नको. हेपा, म्हणजे अतिबारीक कण अडवणारा फिल्टर, थेंब चांगले पकडतो, पण पकडलेला ग्लायकॉल हळूहळू उडून पुन्हा हवेत येतो, आणि वायुरूप निकोटिन हेपाला कळतच नाही. त्यासाठी कार्बन लागतो. स्वस्त यंत्रात कार्बनचा नुसता पातळ काळा स्पंज असतो, तो लवकर भरतो. घरगुती पीएम मीटरचंही तेच. आतला लेझर कणांवरून परतणारा प्रकाश मोजतो आणि धुळीच्या हिशेबाने वजन सांगतो, थेंबांना तो हिशेब लागू पडत नाही. दमट हवेत आकडा आणखी फुगतो. त्यामुळे "आमच्या लॉबीत ९९९ दाखवलं" हा फोटो सभेत पुरावा म्हणून फिरवू नका. दहा मिनिटं आधीची हवा, मग नंतरची, आणि खाली यायला किती वेळ लागला, एवढं पाहण्यापुरता तो उपयोगी.

यावर एक प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. मग अगरबत्ती, धूप, मच्छरची कॉइल चालते का? कणांच्या बाबतीत बंद खोलीत रात्रभर जळणारी मच्छरची कॉइल व्हेपपेक्षा कितीतरी वाईट. एका मोजणीत एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगरेटींएवढे पीएम २.५ निघाले होते. तेव्हा बाळाच्या खोलीतून व्हेप बाहेर काढताना कॉइलही काढा आणि मच्छरदाणी लावा. एक वाईट आहे म्हणून दुसरं चालतं असं नाही.

गॅसच्या शेगडीचा संबंध फारच थोड्यांना माहीत असतो. पृष्ठभागांवर बसलेलं निकोटिन हवेतल्या नायट्रस आम्लाशी मिळून तंबाखूतल्याच जातीची, कर्करोगाशी जोडलेली नायट्रोसामाइन्स तयार करतं, हे २०१० मध्ये दाखवलं गेलं. घरात नायट्रस आम्लाचा मोठा स्रोत म्हणजे गॅसची ज्योत. वन बीएचकेत स्वयंपाकघर आणि हॉल एकच हवा वाटून घेतात. व्हेपमुळे बसणारं निकोटिन सिगरेटपेक्षा कमी असतं, पण रांगणारं बाळ जमिनीवरचे हात तोंडात घालतं. जिथे ओढलं जातं तिथली फरशी, टीपॉय, मोबाइल साबणाच्या पाण्याने पुसा, पडदे आणि उशीचे अभ्रे महिन्यातून एकदा धुवा. नुसता रूम फ्रेशनर मारून वास झाकला जातो, थर तसाच राहतो.

या सगळ्यापेक्षा तातडीचा धोका बाटलीचा. १० मिलिलिटरच्या बाटलीत मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमने ५०० मिलिग्रॅम निकोटिन असतं, वर आंब्याचं चित्र आणि गोड वास. दोन वर्षांच्या मुलासाठी थोडे घोटही जिवावर बेतू शकतात. बाटली, रिकामा पॉड, संपलेलं डिस्पोजेबल, सगळं कुलपात. मुलाने चाटलं आणि लाळ गळू लागली, उलटी झाली, अंग थरथरलं, तर मुद्दाम उलटी काढायला लावू नका, १०८ला फोन करा किंवा सरळ रुग्णालय गाठा, आणि बाटली सोबत न्या. अंगावर सांडलं तर कपडे काढून साबण-पाण्याने धुवा, कातडीतूनही निकोटिन आत जातं.

सोसायटीने काय करावं? सर्वसाधारण सभेत ठराव करताना "धूम्रपान" एवढाच शब्द लिहिला की व्हेपवाला सुटतो. "सिगरेट, विडी, हुक्का, ई-सिगरेट, व्हेप व तापवून ओढण्याची कोणतीही साधनं" असं लिहा आणि जागा मोजून नमूद करा, लिफ्ट, जिना, लॉबी, क्लब हाउस, मुलांची खेळायची जागा, बंद पार्किंग. मनाने दंड ठरवू नका, उपविधीत आधार नसेल तर तो टिकत नाही. सूचना लिफ्टच्या आत लावा, बाहेर नको. सेक्रेटरीच्या हाती आणखी एक उपयोगी मुद्दा आहे. क्लब हाउसमधला प्रकाशावर चालणारा स्मोक डिटेक्टर थेंब आणि धूर यांत भेद करत नाही, एका ढगाने आगीचा भोंगा वाजू शकतो, आणि खोटे भोंगे वाजत राहिले की खऱ्या वेळी लोक खाली उतरत नाहीत. हा मुद्दा व्हेप ओढणाऱ्यांनाही पटतो. आवारात कोणी विकत असेल तर मात्र तो सरळ गुन्हा आहे, पोलिसांत कळवा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये अशा तक्रारींसाठी पोर्टलही सुरू केलं.

आणि घरात जो ओढतो त्याच्याशी बोलताना बाचाबाची टाळा. तो लपून बाथरूममध्ये शिरला तर वाफ डक्टमधून दुसऱ्याच्या घरात जाते, आणि दार लावून स्वतःच्या खोलीत बसला तर त्याच्या गादीत. सोडायचं मनावर घेतलं असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे, आणि औषधाच्या दुकानात २ मिलिग्रॅमचं निकोटिन गम मिळतं, ज्यातून शेजाऱ्याच्या हवेत काहीच येत नाही. तोवर उघड्या बाल्कनीत, हॉलचं सरकतं दार पूर्ण लावून, आणि आत आल्यावर हात धुऊनच बाळाला घ्यायचं. दार दोन बोटं उघडं राहिलं आणि आत चिमणी चालू असली, तर बाल्कनीतली वाफ हॉलमध्येच येते.